अनागताचे सरपण

संग्रह आणि अपरिग्रह यांची चर्चा भारतीय विचारपरंपरेत पुष्कळ झालेली आहे. तिच्यातील दृष्टान्त मात्र बहुधा धान्याचे, द्रव्याचे किंवा वस्त्रांचे असतात. सरपणाचा दृष्टान्त तेथे सहसा येत नाही. सरपण ही मानाची वस्तू नव्हे. ते पडवीत, परसात किंवा गोठ्याच्या आडोशाला पडलेले असते आणि जळून गेल्यावर त्याची राख भांडी घासण्याच्या कामी येते. परंतु संग्रहाच्या नैतिकतेचा प्रश्न सरपण ज्या टोकदारपणे उभा करते, तितक्या टोकदारपणे धान्य किंवा सुवर्ण तो उभा करीत नाही. धान्य खळ्यावरून घरी आले त्या दिवशीही ते खाण्याजोगे असते; त्यातले किती पुढच्यासाठी ठेवावयाचे, हा ठेवणाऱ्याच्या इच्छेचा भाग असतो. सुवर्णाला तर काळाचा स्पर्शच होत नाही. लाकूड मात्र तोडल्या दिवशी सरपण नसते. ठेवल्यानेच ते सरपण होते. म्हणजे येथे संग्रह हा वस्तू सिद्ध झाल्यानंतरचा माणसाचा व्यवहार नसून वस्तू सिद्ध होण्याचाच एक टप्पा आहे. जी वस्तू साठविल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही, तिच्या बाबतीत अपरिग्रहाचे व्रत कसे पाळावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते. वृक्षाच्या जातीनुसार ते कमीअधिक होते. त्यातले काही पाणी पेशींच्या पोकळ्यांत मोकळे असते, ते लवकर जाते. जे पेशींच्या भिंतींत मुरलेले असते, ते सोडविण्यास महिने लागतात. झाडाची साल पाणी आत राखण्यासाठीच असते, त्यामुळे अखंड ओंडका वर्षभर उन्हात पडला तरी आतून ओलाच राहतो. पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांमधून, तंतूंच्या दिशेने बाहेर पडते. म्हणूनच लाकूड आधी हातभर लांबीचे कापावयाचे, मग फोडावयाचे, मग जमिनीपासून वर, दगडांवर किंवा आडव्या वाशांवर रचावयाचे, वरून झाकावयाचे आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवावयाच्या, हा क्रम जगात जेथे जेथे लाकडावर घर ऊबदार ठेवले जाते तेथे तेथे जवळजवळ सारखाच आढळतो. मऊ लाकडाला एक उन्हाळा पुरतो. बानसारख्या ओकच्या जातीला दीड-दोन वर्षेही लागतात. ओलावा वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या खाली आला, की लाकूड जळावयास योग्य झाले. त्याची परीक्षा कानानेही होते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर वाळलेल्या खणखणतात, ओल्या धप्प वाजतात.

ओले लाकूड जळतच नाही असे नाही. ते जळते; परंतु आगीची बरीचशी उष्णता त्यातल्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, आच मंदावते आणि लाकडातून निघणारे ज्वलनशील वायू न जळताच धूर होऊन वर जातात. हा धूर धुराड्याच्या थंड नळीत डांबरासारखा साचतो आणि एखाद्या रात्री तेच डांबर पेट घेते. मराठीत सुक्याबरोबर ओलेही जळते अशी म्हण आहे आणि तिचा रोख निरपराध ओल्याविषयीच्या कणवेकडे आहे. चुलीशी बसलेल्या माणसाचा अनुभव थोडा वेगळा असतो. तेथे कणव करावी ती सुक्याची. कारण ओल्याला वाळविण्यासाठी त्यालाच स्वतःला संपवावे लागते.

हा सर्व खटाटोप चैनीचा नसून जगण्याचा भाग असतो, हे समजण्यासाठी लाहौलसारखे खोरे पाहावे. हिमाचल प्रदेशातील हा प्रदेश २०२० पर्यंत हिवाळ्याचे पाच-सहा महिने ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीवरील बर्फामुळे कुलूपासून तुटलेला असे. घराच्या मुख्य खोलीत मधोमध पत्र्याची शेगडी असते. तिला तेथे तंदूर म्हणतात, काश्मीर-लडाखकडे तशाच शेगडीला बुखारी म्हणतात. तिची नळी छपरातून बाहेर काढलेली असते. स्वयंपाक, गप्पा, विणकाम आणि झोप ही सगळी तिच्याभोवती. खोरे पर्जन्यछायेत असल्यामुळे जंगल विरळ. म्हणून पाटांच्या आणि शेतांच्या कडेने लोकांनी वाळुंज, ज्याला इंग्रजीत विलो म्हणतात, तो पिढ्यान्पिढ्या लावला आहे. पाने जनावरांना, फांद्या तंदूरला. यात शेणाच्या गोवऱ्यांची आणि वनखात्याच्या डेपोतून मिळणाऱ्या लाकडाची भर पडते. लाहौलचा उन्हाळा आखूड असतो. बटाटा आणि मटार यांची शेती, गवताची कापणी आणि सरपण या तिन्ही कामांना तो एकच काळ वाटून घ्यावा लागतो. सरपणासाठी दिलेला प्रत्येक दिवस कोणत्या तरी पिकाच्या तोंडून काढलेला असतो. ज्याला थंडीची जाणीवही होत नाही अशा उन्हात, घाम गाळीत, थंडीसाठी कष्ट करावयाचे. अजून न आलेल्या दुःखाला आजच्या सुखातून वाटा काढून द्यावयाचा. बुद्धीला हे सहज पटते. शरीराला ते पटवून द्यावे लागते आणि त्यासाठी तत्त्वज्ञानापेक्षा सवय अधिक उपयोगी पडते. फोडणाऱ्याला ओंडक्याचे आडवे-उभे, त्याची गाठ कोठे आहे, पाचर कोणत्या भेगेत बसवावी हे हाताने कळत असते. गाठाळ ओंडका तो बाजूला ठेवतो, कारण कडाक्याच्या थंडीत, आतले पाणी गोठल्यावर, तोच ओंडका मुकाट्याने दुभंगतो.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. कोकणात थंडीच्या जागी पाऊस आहे, एवढेच. वैशाखात लाकडे फोडून, मृगाच्या आधी ती पडवीत किंवा मांगरात रचून, झावळ्यांनी वळचण झाकून घेण्याची धांदल कोकणातील घरांनी पिढ्यान्पिढ्या अनुभवली आहे. या तयारीला मराठीत एक अर्थपूर्ण शब्द आहे, ‘बेगमी’. फारसीतील ‘बे-गम’, म्हणजे चिंतारहित, यापासून तो आला आणि मराठीत येऊन चिंतारहित होण्यासाठी जे जमवून ठेवावयाचे त्याचेच नाव झाला. मनाची अवस्था वस्तूंच्या राशीत उतरली. शिवाय, बेगमी नेहमी कशाची तरी असते: पावसाळ्याची, हिवाळ्याची, लग्नकार्याची. नुसती बेगमी, कालावाचून आणि प्रयोजनावाचून, संभवत नाही. साठ्याला असा काळ नसतो. व्यापारी साठा करतो तो भाव चढेपर्यंत. आणि भाव किती चढला म्हणजे पुरे, याला ऋतूकडे उत्तर नाही. बेगमी वसंतात किंवा अश्विनात संपते. संपावी म्हणूनच केलेली असते.

‘पंचतंत्रा’त या विषयाची दोन्ही टोके एकाच ग्रंथात सापडतात. पहिल्या तंत्रात तीन माशांची कथा आहे. कोळी उद्या येणार हे कळताच अनागतविधाता तळे सोडून जातो. प्रत्युत्पन्नमति जाळ्यात सापडल्यावर मेल्याचे सोंग घेऊन सुटतो. यद्भविष्य जे व्हावयाचे ते होईल म्हणून राहतो आणि मरतो. अनागताचे विधान करणारा, म्हणजे न आलेल्याची आधीच व्यवस्था लावणारा, हे नाव एखाद्या तत्त्वज्ञाला शोभावे असे आहे. परंतु दुसऱ्या तंत्रात त्याच ग्रंथकाराने कोल्ह्याची कथा सांगितली आहे. शिकारी आणि रानडुक्कर एकमेकांना मारून पडले आहेत. कोल्ह्याला अनेक दिवसांचे अन्न समोर दिसते आणि ते पुरवून खावे म्हणून तो आधी धनुष्याची वादी कुरतडू लागतो. वादी तुटते, धनुष्याचे टोक त्याच्या देहात घुसते. मासा दूरदृष्टीने वाचला. कोल्हा दूरदृष्टीनेच मेला. दोन्ही कथा मुलांना सांगितल्या जातात आणि त्यांतील विरोधाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः कोल्ह्याची चूक संचय करण्यात नव्हती. भूक लागलेली असताना आणि अन्न ताजे असताना त्याने उद्यासाठी आजची उपासमार पत्करली, त्यात होती. मांस ठेवल्याने नासते. लाकूड ठेवल्याने सुधारते. वस्तूचा स्वभाव न पाहता संचयाचा निवाडा करता येत नाही, एवढे तरी या दोन कथा शेजारी ठेवल्यावर मान्य करावे लागते.

अपरिग्रहाची सर्वांत कठोर आधुनिक मांडणी गांधीजींची आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना दर आठवड्याला व्रतांविषयी पत्रे लिहिली. ती पुढे ‘मंगलप्रभात’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत अपरिग्रहाचा विचार करताना ते परिग्रहाचा अर्थच भविष्यासाठी केलेली तरतूद असा लावतात. सत्याच्या शोधकाला उद्याची तजवीज करता येत नाही, कारण सृष्टीत रोजच्या गरजेपुरते रोज निर्माण होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. संपूर्ण अपरिग्रही माणसाचा आदर्श म्हणून ते पक्ष्याकडे बोट दाखवितात. पोरबंदरच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या आणि साबरमतीच्या काठी आश्रम वसविलेल्या माणसाला हा दृष्टान्त सुचावा, हे स्वाभाविक आहे. हिमालयातील कैलच्या जंगलात मात्र कावळ्याच्या कुळातला नटक्रॅकर नावाचा पक्षी आहे. तो पाईनच्या बिया हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवतो आणि ज्या विसरतो त्यांतून नवी झाडे उगवतात. गांधीजींचा युक्तिवाद एका पक्ष्याने मोडतो असे नव्हे. त्यांना अभिप्रेत असलेला प्रश्न वाट्याचा होता: एकाजवळ साठते म्हणून दुसऱ्याला मिळत नाही. परंतु रोजचे रोज घ्यावे ही त्यांची आज्ञा सरपणाला लावली, तर तिचा अर्थ रोज ओले लाकूड जाळावे असा होतो आणि ओले लाकूड तेवढ्याच उबेसाठी अधिक जळते. निसर्गाकडून कमीत कमी घ्यावयाचे असेल तर आधी घेऊन ठेवावे लागते. येथे अपरिग्रहाचे दोन अर्थ, कमी बाळगणे आणि कमी वापरणे, एकमेकांपासून सुटे होतात. ‘मंगलप्रभाता’त ते एकरूप मानलेले आहेत.

बौद्ध विनयाने ही अडचण अधिक जवळून पाहिली होती असे दिसते. पाली विनयातील पाचित्तिय नियमांत भिक्षूला अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्याची मनाई आहे. त्याच मालिकेत ५६व्या क्रमांकावर, आजारी नसताना अंग शेकण्यासाठी आग पेटविण्याचीही मनाई आहे. या नियमामागची कथा मनोरंजक आहे. थंडीच्या दिवसांत काही भिक्षूंनी एक पोकळ ओंडका पेटविला. त्यात दडलेला काळा सर्प भाजून बाहेर पडला आणि भिक्षूंच्या अंगावर धावून गेला. म्हणजे नियम करताना नजरेसमोर उबेच्या आसक्तीबरोबर ओंडक्यातला जीवही होता. जे आपल्याला नुसते जळण दिसते ते दुसऱ्या कोणाचे तरी घर असू शकते. पुढे या नियमाला अपवाद जोडले गेले. आजारी माणूस, दिवा, स्नानगृह, योग्य कारण. गंगेच्या खोऱ्यात सांगितलेला धर्म हिमालय चढून स्पितीत गेला, ताबोचा विहार इसवी सन ९९६ मध्ये सव्वातीन हजार मीटर उंचीवर उभा राहिला. तेथे ‘योग्य कारण’ या दोन शब्दांना केवढे ओझे वाहावे लागले असेल, याची कल्पना करता येते. आणि विनयातही एक गोष्ट गृहीतच धरलेली आहे. भिक्षू उद्यासाठी काही ठेवीत नाही, कारण ज्या दारात तो सकाळी भिक्षापात्र घेऊन उभा राहणार त्या घरात कोणीतरी धान्य आणि सरपण ठेवलेले असते. एकाचा अपरिग्रह दुसऱ्याच्या बेगमीवर उभा असतो. यात कमीपणा काही नाही. मात्र वंदन करावयाचे तर दोघांनाही करावे. उपनिषदातला शिष्य गुरूकडे जातो तो ‘समित्पाणि’, हातात समिधा घेऊन. ज्ञानाच्या दारातही रिकाम्या हाताने जाता येत नसे, आणि त्या समिधाही ओल्या असून चालत नसाव्यात.

येथपर्यंतचा विचार लाकूड तोडणाऱ्याला लाकूड तोडता येते असे धरून चालला. वास्तविक अवघड प्रश्न तेथूनच सुरू होतो. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४५ ते १८४७ या काळात वॉल्डन तळ्याकाठी आपल्या हाताने बांधलेल्या घरात राहिला. स्वावलंबनाचा तो आदर्श मानला जातो. पण दुसऱ्या हिवाळ्यात त्याने उघडी शेकोटी सोडून लहान शेगडी वापरली, आणि जंगल आपल्या मालकीचे नाही म्हणून ही काटकसर, असे तो ‘वॉल्डन’मध्ये सहज सांगून जातो. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती. मित्र उदार असल्यामुळे थोरोच्या निबंधात हा प्रश्न एका वाक्यात आटोपतो. हिंदुस्थानातील शेतकऱ्याला आणि आदिवासीला असा मित्र नव्हता. १८७८च्या वनकायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी वर्गवारी केली आणि पिढ्यान्पिढ्यांच्या वहिवाटीचे रूपांतर सरकारने दिलेल्या सवलतीत झाले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर जी आग पाखडली आहे, ती याच अनुभवातून. १९३० साली, गांधीजी येरवड्यात असताना, महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह चालू होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला लाकूड तोडून कायदेभंग करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला आणि माणसे मेली. एकाच वर्षी, एकाच मुलखात, तुरुंगातल्या कोठडीत अपरिग्रहाची व्याख्या झाली आणि डोंगरावर सरपणाच्या हक्कासाठी रक्त सांडले. दोन्हींचा उगम एकाच चळवळीत होता. भविष्याची तरतूद करू नये, असे सांगण्याचा अधिकार ज्याला ती करता येते त्याच्याच संदर्भात अर्थपूर्ण असतो. चिरनेरच्या लोकांपुढे तो पर्यायच नव्हता.

वाळलेले सरपण हवे असेल तर काय लागते? लाकडावर हक्क लागतो. ते वर्षभर पडू देण्यास जागा लागते, वर आडोसा लागतो. चोरी होणार नाही इतका शेजार लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ते वाळेपर्यंत जाळण्यास दुसरे काहीतरी लागते. पहिले वर्ष कोणीतरी ओलांडून दिलेले असावे लागते. ज्या घरात हे एक वर्ष कधीच मिळाले नाही, ते घर दरवर्षी ओलेच जाळते, दरवर्षी अधिक तोडते, आणि दरवर्षी अधिक धूर पिते. डोक्यावर मोळी घेऊन दहा-बारा कोस चालणारी बाई लाकूड कसे वाळवावे हे जाणत नाही असे कोणी म्हणू नये. आणलेली मोळी संध्याकाळी विकली नाही तर रात्री चूल पेटत नाही, हेही ती जाणते. तिच्या धुरकट झोपडीकडे पाहून जेव्हा सुस्थित माणूस दूरदृष्टीचा अभाव हे दारिद्र्याचे कारण सांगतो, तेव्हा तो क्रम उलटा लावीत असतो. ‘पंचतंत्रा’तील अनागतविधात्याला दुसरे तळे उपलब्ध होते, ही गोष्ट कथाकाराने हळूच गृहीत धरली आहे. यद्भविष्याविषयी कोणी विचारले नाही की, त्याला बाहेर जाण्याची वाट होती काय.

गढवालातील रैणी गावात २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि तिच्याबरोबरच्या स्त्रिया झाडे तोडण्यास आलेल्यांच्या आड उभ्या राहिल्या, ही घटना सर्वज्ञात आहे. तिच्यावर झालेल्या पुष्कळ लेखनात या स्त्रियांना निसर्गपूजक ठरविण्याचा मोह दिसतो. त्या स्वतः रोज जंगलात लाकूड आणि चारा आणण्यास जाणाऱ्या होत्या, हे विसरून चालत नाही. झाडाला हात लावू नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. ज्याला पुढच्या वर्षी याच डोंगरावर सरपणाला यावयाचे आहे आणि ज्याला यावयाचे नाही, या दोन माणसांच्या कुऱ्हाडीत फरक असतो, हे त्यांना ठाऊक होते. बेगमी करणारा माणूस झाडाकडे परत येणारा असतो. लाहौलमधला वाळुंज मुळापासून तोडीत नाहीत. खोड राखून वरच्या फांद्या काही वर्षांच्या अंतराने उतरवितात, आणि खोडाला पुन्हा धुमारे फुटतात. खोडावरच्या त्या जुन्या गाठी म्हणजे एका कुटुंबाच्या हिवाळ्यांचा हिशेबच असतो.

अर्थात बेगमीचेही पतन होते. नेपाळमधील मुस्तांगच्या उत्तर भागात, जेथे झाड दुर्मीळ, तेथे सपाट धाब्यांच्या कडेने लाकडे रचलेली दिसतात. ती घराच्या समृद्धीची खूण मानली जातात, आणि रोजची चूल मात्र शेणाच्या गोवऱ्यांवर चालते. जळण्यासाठी आणलेले लाकूड जळू नये यातच त्याचे मोल, अशी ही अवस्था. तिला सरसकट दांभिकपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण एखाद्या भयंकर हिवाळ्यात तेच लाकूड उतरविले जाते. युरोपातील संपन्न देशांत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी नॉर्वेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने सरपण या विषयावर सलग बारा तासांचा कार्यक्रम दाखविला. त्यातला मोठा भाग केवळ जळणाऱ्या आगीचे चित्रण होता. प्रेक्षकांनी तक्रारीही केल्या. रचताना लाकडाची साल वर ठेवावी की खाली, यावर त्यांच्यात उभी फूट पडली. यावर हसू येणे साहजिक आहे. परंतु ज्या समाजात सरपणाची चिंता उरलेली नाही, तेथेच त्याची आवड इतकी निर्मळ होऊ शकते.

लाहौलमध्येही चिंता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा सुमारे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, आणि जे खोरे हिवाळाभर स्वतःच्या साठ्यावर जगत होते त्याला कोणत्याही महिन्यात सामान मिळू लागले. आजारी माणसाला वेळेवर इस्पितळात नेता येते, या एका लाभापुढे जुन्या जीवनपद्धतीविषयीचे सर्व हळवेपण गैरलागू ठरते. तथापि, दूरदृष्टीची गरज नाहीशी झाली असे मात्र म्हणता येत नाही. ती घरातून उठून दुसरीकडे गेली आहे. आता अनागताचे विधान तेलकंपनीचे वेळापत्रक, वीजमंडळ आणि बोगद्याची देखभाल करणारे अभियंते करतात. घरातल्या माणसाने फक्त पैसे जवळ ठेवावयाचे. पैसा ही न वाळविता जळणारी लाकडे आहेत, आणि तिच्यात बेगमी आणि साठा यांतील भेद पुसट होतो, कारण पैशाला कोणताही हिवाळा संपवीत नाही. स्वयंपाकाच्या गॅसमधील ब्युटेन शून्याखाली अर्ध्या अंशावरच वाफ होणे थांबविते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत सिलिंडर भरलेला असून ज्योत मंदावते; हिमस्खलनाने रस्ता बंद होतो; वीज जाते. अशा दिवशी उपयोगी पडते ते भिंतीशी रचलेले वाळलेले लाकूडच. ज्या घरातून ते गेले ते घर अशा रात्री शेजारी जाते.

शेजारी जाणे हा या विषयाचा सर्वांत कमी बोलला गेलेला भाग आहे. माणूस हिवाळ्याची, पावसाळ्याची बेगमी करू शकतो, कारण ऋतू सांगून येतात. मृत्यू सांगून येत नाही. कोकणात आषाढातल्या झडीत कोणाच्या घरी माणूस गेले, तर चितेला लागणारी कित्येक मण वाळलेली लाकडे त्या एका घरातून निघणे कठीण. रान भिजलेले, वखार दूर, ओहोळ भरलेले. चितेसाठी घरटी लाकूड देण्याची रीत महाराष्ट्रातल्या खेड्यांत होती, हिमालयातल्या खेड्यांतही होती, आणि अजून पुष्कळ ठिकाणी आहे. निरोप जातो, प्रत्येक घरातला एक माणूस आपल्या पडवीतल्या रचलेल्या ओळीतून चार ढलपे, एखादा ओंडका काढून खांद्यावर घेतो आणि स्मशानाच्या वाटेला लागतो. वैशाखात ते फोडताना कोणासाठी फोडले जात आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. कोणी ऐनाचे आणतो, कोणी आंब्याचे, कोणी फणसाची वाळकी फांदी. रचताना ती एकमेकांत मिसळतात. ज्याने चांगले वाळलेले आणले त्याचे खाली जाते, म्हणजे आग धरेल; दमट असेल ते वर. किती दिले याची नोंद कोणी ठेवीत नाही, आणि परत मागण्याची भाषा कोणाच्या तोंडी येत नाही. घरी आल्यावर पडवीतल्या ओळीत जेथून लाकूड काढले तेथे खाच दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीसाठी लाकूड काढणारी बाई ते तेथूनच काढावयास लागते.